हरणाऱ्याची सही

मतदानाच्या दिवशी संध्याकाळचे सहा वाजले की केंद्राध्यक्षाने खोलीबाहेर यायचं आणि रांगेच्या शेवटाला जायचं. हातात नंबर घातलेल्या, सही केलेल्या चिठ्ठ्या असतात. सगळ्यात मागे उभ्या असलेल्या माणसाला पहिली चिठ्ठी द्यायची आणि तिथून दाराकडे वाटत यायचं. दाराकडून सुरुवात केली तर वाटता वाटता मागे माणसं वाढत राहतात, आणि सहानंतर आलेल्याला परत पाठवताना फाटकात भांडण होतं. हा नियम ज्याने कुणी लिहिला, त्याने आयुष्यात एकदा तरी रेशनच्या दुकानापुढची रांग सांभाळली असणार. चिठ्ठी असलेल्या शेवटच्या माणसाचं मत पडेपर्यंत केंद्र चालू राहतं, मग कितीही वाजोत.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आम्हा मास्तरांच्या वाट्याला निवडणूक येते ती सभांमधून किंवा टीव्हीवरच्या चर्चांमधून नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी मांडवात साहित्यवाटप असतं, तिथून येते. पाकिटांचा गठ्ठा, लाखेच्या कांड्या, शाईची बाटली, यंत्रांच्या पेट्या, शिक्के, मतदार याद्या. सगळं मोजून घ्यायचं, एसटीत चढवायचं आणि अंधार पडायच्या आत नेमून दिलेल्या गावात पोहोचायचं. रात्री त्या गावच्या शाळेत, बऱ्याचदा पहिलीच्या वर्गात, फरशीवर सतरंजी टाकून झोपायचं. झोप लागत नाहीच. यंत्रं त्याच खोलीत असतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे, मतदानाच्या दीड तास आधी, मतदान प्रतिनिधी येतात. गावात त्यांना कुणी प्रतिनिधी म्हणत नाही. पोलिंग एजंट, नाहीतर नुसतं एजंट. प्रत्येक उमेदवाराचा एक. ही माणसं मला फार आवडतात. गावातला निम्मा इतिहास त्यांच्या डोक्यात असतो. यादीतल्या नावाला चेहरा कोणता, हे आम्हा बाहेरून आलेल्यांना कळत नाही, त्यांना कळतं. ‘ही ती नव्हे, हिची जाऊ. ती पुण्याला असती.’ एजंटाला एखाद्या मतदाराबद्दल शंका असली तर तो आक्षेप घेऊ शकतो, आणि त्याची फी आहे २ रुपये. महागाई कुठच्या कुठे गेली, पण ही फी तिथेच थांबलेली आहे. केंद्राध्यक्षाने चौकशी करायची, आणि आक्षेप खोडसाळ निघाला तर ते २ रुपये जप्त.

या माणसांसमोर आधी अभिरूप मतदान होतं. किमान ५० मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि ‘नोटा’लाही थोडी थोडी, मग यंत्रावरचा निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या मोजून तो ताडून बघायचा, आणि हे सगळं पुसून यंत्र शून्यावर आणायचं. शून्य सगळ्यांनी वाकून वाकून बघायचं. मग कागदी सील, आणि त्या सीलवर एजंटांच्या सह्या. दिवस मावळल्यावर ‘क्लोज’चं बटण दाबलं की यंत्रावर एकूण मतांचा आकडा येतो, तो मतदार नोंदवहीशी जुळवायचा, नमुना १७ क भरायचा आणि त्याची प्रत प्रत्येक एजंटाला पोच घेऊन द्यायची. पुढे मतमोजणीच्या टेबलावर याच नमुन्याचा दुसरा भाग भरला जातो, कुणाला किती. त्याखाली मोजणी प्रतिनिधींच्या सह्या होतात. जिंकलेल्याच्या माणसाची होते, आणि हरलेल्याच्या माणसाचीही.

मला या देशातल्या मतदानाचा अभिमान कशामुळे वाटतो असं कुणी विचारलं, तर मी त्या शेवटच्या सहीकडे बोट दाखवीन.

मतदान केल्यावर लोक बोट वर करून फोटो काढतात. काढोत. आमच्या केंद्राबाहेर तर हल्ली त्यासाठी चौकट लावलेली असते. पण ती शाई मुळात आली कुठून आणि कशासाठी, हे आठवलं की मला थोडं हसू येतं. सिल्व्हर नायट्रेट असलेली ती शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी रंगाच्या कारखान्यातून देशभर जाते, आणि तिचं काम एवढंच की या माणसाने पुन्हा रांगेत येऊन दुसऱ्याच्या नावावर मत टाकू नये. म्हणजे शाई हा अविश्वासाचा डाग आहे. सील अविश्वासाचं, अभिरूप मतदान अविश्वासाचं, व्हीव्हीपॅट अविश्वासाचं, आणि एजंट तर चालताबोलता अविश्वास, दिवसभर बाकावर बसून राहणारा. घरात, भावकीत, बांधावर हाच अविश्वास आपण कुजबुजत वागवतो. इथे तो उघड मांडलाय, सगळ्यांच्या देखत, नियमात बसवून. म्हणून तर संध्याकाळी हरू घातलेला माणूससुद्धा कागदावर सही करतो. सकाळचं शून्य त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असतं.

दुपारी जेवायच्या वेळी एक गोष्ट दिसते. दोन बाजूंचे एजंट, ज्यांचे नेते आदल्या आठवड्यात माइकवरून एकमेकांची उणीदुणी काढत होते, ते शाळेच्या व्हरांड्यात एकाच कागदावर भाकरी ठेवून खातात. याच्या घरची मटकी त्याच्या ताटात. आम्हाला त्यातलं काही घेता येत नाही, नियम आहे. आम्ही आपले आमचा डबा उघडून त्यांच्या ठेच्याकडे बघत बसतो. यावरून त्यांचं वैर खोटं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. वैर खरंच असतं. ग्रामपंचायतीच्या वेळी याच दोन घरांत वर्षभर जाणं-येणं बंद होतं, हेही मी पाहिलंय.

एक यादी

आज आपल्याला मतदार यादी एकच असते हे इतकं सरळ वाटतं की त्यात सांगण्यासारखं काय, असा प्रश्न पडतो. पण स्वातंत्र्याआधी तसं नव्हतं. १९०९ च्या कायद्याने मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आले, म्हणजे त्यांच्या जागांना फक्त त्यांनीच मत द्यायचं, १९१९ नंतर शिखांसाठी, आणि वाढत वाढत मतदारांची कितीतरी खाती झाली. त्यात मताचा हक्क मालमत्तेवर, सारा भरण्यावर, शिक्षणावर. गावातल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच यादीत नसे. राज्यघटनेच्या ३२५ व्या अनुच्छेदाने हे सगळं एका फटक्यात पुसलं: प्रत्येक मतदारसंघाची एकच सर्वसाधारण यादी, आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कुणाचं नाव त्यातून गाळायचं नाही. पुढचा ३२६ वा अनुच्छेद प्रौढ मताधिकाराचा. तेव्हा वयाची अट २१ होती. १९८९ मध्ये ती १८ वर आली.

कागदावर लिहिणं सोपं. यादी करायला माणूस दारात गेला तेव्हा काय झालं, ते पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळातल्या एका आकड्यावरून कळतं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार होते सुमारे १७ कोटी ३२ लाख, त्यातले बहुतेक निरक्षर. उत्तर भारतात लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच लिहा म्हणाल्या. सेन यांनी ते मान्य केलं नाही. नावाशिवाय मतदार नाही. नाव सांगायला मुदत वाढवून दिली, आणि तरीही जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली. त्या वेळी यावर टीका झाली. आज बघताना मला तो निर्णय कठोर वाटतो, पण चुकीचा वाटत नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांतल्या पुष्कळ जणी आपापल्या नावाने आल्या.

त्या निवडणुकीत पुढे आली तशी सगळ्यांची एकच पेटी नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह; कोरी मतपत्रिका आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायची. त्यामुळे पोलादी पेट्या लागल्या २० लाखांच्या आसपास, आणि त्यांतल्या १२ लाखांहून अधिक मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. पहिली मतं पडली २५ ऑक्टोबर १९५१ ला, हिमाचलातल्या चिनी नावाच्या तहसिलीत, बर्फ पडायच्या आत उरकायचं म्हणून. तिथे मत देणाऱ्यांपैकी शाळामास्तर श्यामसरण नेगी पुढे दर निवडणुकीला मत देत राहिले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये, टपाली मत दिल्यावर तीनच दिवसांनी, गेले. मास्तर होते याचा मला जरा जास्त आनंद आहे, हे लपवत नाही.

मुंबई शहर उत्तर, १९५२

पण पहिल्या निवडणुकीतली मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट मुंबईतच घडली. ज्या माणसाने मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, आणि ज्याच्या मसुदा समितीतून हे दोन्ही अनुच्छेद आले, तो माणूस त्या पहिल्याच निवडणुकीत पडला. मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण, एक राखीव. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर निवडून आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १,२३,५७६ मतं मिळाली आणि १४,५६१ मतांनी ते हरले.

यावर आपण भाषणात एक गोड वाक्य बोलून मोकळे होतो, की बघा, घटनाकारालाही जनता हरवू शकते, हीच लोकशाही. मला ते वाक्य फार घाईचं वाटतं. कारण ते पडले ते संयुक्त मतदारसंघात, जिथे राखीव जागेलाही सगळ्यांचीच मतं पडतात. याच गोष्टीची भीती त्यांनी वीस वर्षं आधी घातली होती. १९३२ मध्ये त्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवे होते; येरवड्याला गांधीजींचं उपोषण चालू असताना, सगळ्या देशाचं दडपण डोक्यावर घेऊन त्यांनी पुणे करारावर सही केली आणि राखीव जागांसह संयुक्त मतदारसंघ स्वीकारले. राखीव जागेवरचा माणूस बहुसंख्याकांच्या पसंतीचा निवडून येईल, हा त्यांचा जुना मुद्दा. १९५२ च्या निकालाने तो मुद्दा खोटा पाडला नाही. एक यादी ही फुकट मिळालेली गोष्ट नाही. तिची किंमत सगळ्यांनी सारखी दिलेली नाही.

मग त्यांनी काय केलं? समाजवादी नेते अशोक मेहतांबरोबर निवडणूक याचिका दाखल केली. बाद झालेल्या मतांवर आणि प्रचाराच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, न्यायाधिकरणापुढे वाद घातला. याचिका फेटाळली गेली. त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला पुन्हा लोकसभेसाठी उभे राहिले, आणि पुन्हा हरले. हरल्यावर गप्प बसणं म्हणजे हार मानणं नव्हे, हे मला त्यांच्याकडे बघून कळतं. ते भांडले, पण भांडले ते त्याच नियमांच्या आत, ज्यांतले बरेचसे त्यांनीच लिहिले होते. दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीआधी ते गेले.

फूल आणि दोन पानं

आता गोव्याकडे जाऊ. मराठी माणसाने मतदानाविषयी बोलताना गोवा टाळायचा म्हणजे अवघड जागेचं दुखणं झाकून ठेवण्यासारखं आहे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली, आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पक्षाचं नावच सांगतं त्याला काय हवं होतं. समोर युनायटेड गोवन्स पक्ष, नेते डॉ. जॅक द सिक्वेरा. बांदोडकरांच्या पक्षाचं म्हणणं असं की आम्ही निवडून आलो, म्हणजे विलीनीकरणाला कौल मिळाला. विधानसभेत ठराव करू आणि महाराष्ट्रात जाऊ. सिक्वेरांचं म्हणणं असं की एवढा मोठा निर्णय आमदारांनी नाही, लोकांनी थेट घ्यायला हवा. दिल्लीने अखेर ते ऐकलं. १९६६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. आज हे वाचताना दोनदा वाचावं लागतं: ज्याला हवा तो निकाल लागावा असं वाटत होतं, त्याने मतदानाआधी खुर्ची सोडली.

१६ जानेवारी १९६७. दोनच चिन्हं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश, केंद्रशासित. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं. फुलाला १,३८,१७०, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. विलीनीकरण पडलं.

महाराष्ट्रात त्याआधी सातच वर्षांपूर्वी संयुक्त महाराष्ट्राचा गुलाल उधळला गेला होता. मुंबई मिळाली होती. गोवा तर आपलाच, अशी इकडची खात्री होती. नेते तिकडे प्रचाराला गेले होते. आणि विलीनीकरणाच्या विरोधातला सगळ्यात धारदार मजकूर मडगावातून मराठीतच निघत होता. ‘राष्ट्रमत’ दैनिकातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ सदर लोक वाट पाहून वाचत. मराठी वाचणाऱ्या, मराठीत भजन म्हणणाऱ्या पुष्कळ गोमंतकीयांनीच दोन पानांवर शिक्का मारला. ही गोष्ट इथल्या कित्येकांना पचायला जड गेली. माझ्या आधीच्या पिढीतली मंडळी हा विषय निघाला की अजून आवाज चढवतात.

पण पुढे काय झालं? काहीही झालं नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळी कथा या ‘काहीही’मध्ये आहे. महाराष्ट्र सैन्य घेऊन जाणार नव्हताच, पण आंदोलनंही पेटली नाहीत, पुन्हा मतदान घ्या म्हणून रेल्वे अडवल्या गेल्या नाहीत. इतकंच नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली, आणि त्याच मतदारांनी, ज्यांनी दोन महिन्यांपूर्वी विलीनीकरण नाकारलं, ३० पैकी १६ जागा बांदोडकरांच्या पक्षाला दिल्या. तुमचा मुख्य मुद्दा आम्हाला नको, तुम्ही मात्र हवे. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७३ मध्ये निधन होईपर्यंत राहिले. मतदाराला एकाच वेळी दोन गोष्टी म्हणता येतात, आणि त्या परस्परविरोधी नसतात, हे गोव्याच्या लोकांनी पेटीतून सांगितलं. १९८७ च्या ३० मे रोजी गोवा वेगळं राज्य झाला.

(बेळगावात असा कौल कधीच घेतला गेला नाही. तिथलं दुखणं अजून कोर्टात पडून आहे. दोन्हींत फरक पुष्कळ आहेत, मला ठाऊक आहे. पण ज्या हरण्यावर कुणाची सही नाही ते हरणं संपत नाही, एवढं तरी दिसतं.)

राष्ट्रीय एकात्मता म्हटलं की आपल्याला शाळेच्या गॅदरिंगमधला तो कार्यक्रम आठवतो, वेगवेगळ्या राज्यांचे पोशाख घालून हात धरून उभी राहिलेली पोरं. मीही बसवलेत तसे कार्यक्रम. पण एकात्मतेचा पुरावा मागितला तर मी १९६७ ची ही बेरीज दाखवीन. १,३८,१७० माणसं हरली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गोव्यात, त्याच देशात उठली.

बिनविरोध

या सगळ्याच्या उलट एक शब्द आमच्याकडे फार कौतुकाने वापरला जातो. बिनविरोध. ‘आमच्या गावाची ग्रामपंचायत बिनविरोध झाली’ हे लोक असं सांगतात जणू गावाला गाडगेबाबा पुरस्कार मिळालाय. आमदार अशा गावांना निधी जाहीर करतात. पेपरात एकीचं दर्शन म्हणून फोटो येतो, मधोमध पुढारी, फेटे बांधलेले सदस्य दोन्ही बाजूंना.

गावातली निवडणूक किती बोचते ते मला माहीत आहे. विधानसभेला पडलेला उमेदवार दूर कुठेतरी राहतो. ग्रामपंचायतीला पडलेला आपल्या शेजारच्या दारात राहतो. कुणी कुणाला दिलं हे मतांच्या आकड्यावरून वॉर्डात लगेच ओळखू येतं. सोयरिकी मोडतात. म्हणून बिनविरोधचा मोह मी समजू शकतो. हिवरे बाजारसारख्या गावात तीसेक वर्षं निवडणूक झाली नाही, आणि त्या काळात गावात पाणी आलं, जंगल वाढलं, हे कुणी नाकारणार नाही. तिथेही जानेवारी २०२१ मध्ये अखेर निवडणूक झालीच, आणि पोपटराव पवारांच्या पॅनेलने सातच्या सात जागा जिंकल्या. मला तर वाटतं, त्या दिवशी पवारांना जे मिळालं ते आधीच्या तीस वर्षांत मिळालं नव्हतं. विरोधात उभं राहायला जागा असताना लोकांनी त्यांनाच दिलं.

पण सगळी गावं हिवरे बाजार नसतात. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाला. बोली २ कोटींच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. पैसा देवळाला जाणार होता. नंदुरबारच्या खोंडामळीतही तसंच. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली. लिलाव करणाऱ्यांना त्यात वावगं काय ते कळेचना. भांडण नाही, तंटा नाही, देवाला पैसा, गाव एक. मात्र ज्याच्याकडे बोली लावायला दमडी नाही, त्याचं मत त्या दिवशी कुणी विचारलं नाही. एक यादी करायला एवढा खटाटोप केला, २८ लाख बायकांना नाव सांगा म्हणून अडवून धरलं, ते याच्यासाठी नव्हे.

आमच्या भागातल्या एका बिनविरोध गावात मी एका वस्तीवर जनगणनेसारख्या कामाला गेलो होतो. चहा देता देता घरातला म्हातारा म्हणाला, ‘गुरुजी, बिनविरोध झालं खरं. आमाला कुणी इचारलं न्हाई, तवा विरोध कुठनं हुणार?’ त्याने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. हसत सांगितलं. मी ते त्याच्यासारखं हसून सोडून देऊ शकलो नाही.

शंका

हरणारा सही करतो ती सकाळचं शून्य पाहिलं म्हणून, असं मी वर म्हटलं. मग ज्याला ते शून्य आता पटत नाही, त्याचं काय करायचं?

२०२४ च्या नोव्हेंबरात राज्याची विधानसभा निवडणूक झाल्यावर माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडी गावाने ठरवलं की आपण आपलं पुन्हा मतपत्रिकेवर मतदान घेऊ आणि यंत्राचा आकडा ताडून बघू. गावकऱ्यांना ज्याची आघाडी अपेक्षित होती त्याला ती मिळाली नव्हती. विचित्र भाग असा की मतदारसंघातून निवडून तोच आला होता. म्हणजे इथे शंका जिंकलेल्या बाजूची होती. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, ३ डिसेंबरला ठरलेला तो कार्यक्रम झाला नाही.

कायद्याने पाहिलं तर असं खाजगीत मतदान कुणालाच घेता येत नाही, आणि ते घेतलं असतं तरी त्यातून काही सिद्ध झालं नसतं. पंधरवड्यापूर्वी गुप्तपणे दिलेलं मत माणूस गावासमोर तसंच देईल याची खात्री काय? मी ती यंत्रं हाताळलीयत. त्यांच्याविषयी बोलल्या जाणाऱ्या पुष्कळ गोष्टी मला हास्यास्पद वाटतात. तरीही ते गाव मला हास्यास्पद वाटलं नाही. ते एजंटाच्याच बाकावर बसू बघत होतं. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात मतपत्रिकेवर परत जायची मागणी फेटाळली, पण त्याच निकालात दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के यंत्रांची तपासणी मागायचा हक्क दिला. खर्च त्याने करायचा, आणि यंत्रात फेरफार निघाला तर पैसे परत. मला या निकालातला सगळ्यात शहाणा भाग हाच वाटतो. हरलेल्याला शंका असते, ती त्याने पारावर बोलण्यापेक्षा टेबलावर मांडावी. त्यासाठी टेबल मात्र ठेवायला हवं, आणि ते चालढकल न करता उघडायला हवं. मतदार याद्यांमधली दुबार नावं, अचानक वाढलेली नावं याबद्दलही तेच. विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणायचं आणि यादी तयार करणाऱ्याला चोर, यात दोघांचंही काम अडतं.

मी स्वतः बीएलओ आहे, म्हणजे माझ्या भागाची यादी माझ्या हातून जाते. कुणी वारलं, कुणी लग्न होऊन गेलं, कुणी मुंबईहून परत आलं, सगळ्याचे अर्ज शाळा सुटल्यावर. नाव नोंदवायला आता १ जानेवारीची वाट बघावी लागत नाही. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीखही धरतात. त्यामुळे वर्षभर कुणी ना कुणी येतच असतं.

मागच्या ग्रामपंचायतीला आमच्या इथलं एक पॅनेल सपाटून पडलं. त्यांचा म्होरक्या, सगळे त्याला नाना म्हणतात, निकालाच्या दिवशी तालुक्याहून परत आला तो सरळ घरात जाऊन झोपला. समोरच्यांनी मुद्दाम त्याच्या दारावरून मिरवणूक नेली, गुलालाने त्याची पांढरी म्हैस गुलाबी झाली. दोनेक आठवड्यांनी संध्याकाळी नाना शाळेत हजर. बरोबर एक लाजरा पोरगा आणि हातात ६ नंबरचा फॉर्म, अर्धामुर्धा भरलेला.

‘गुरुजी, ह्यो आमच्या धाकट्याचा. जुलैत अठरा पुरी हुत्यात. बसतंय का बघा.’

मी जन्मतारीख बघितली. बसत होतं.

‘आन् वरच्या आळीची नवी यादी कवा लागणार?’ नाना खुर्ची ओढून बसला. ‘तिथं धा-बारा नावं मेल्याली हायती आन् अजून मतं द्यायला येत्यात. आपुन लिवून हरकत घ्यायची म्हणतो.’

‘घ्या की,’ मी म्हटलं. ‘७ नंबरचा फॉर्म लागेल. प्रत्येक नावाचा वेगळा.’

‘बारा द्या मग.’